मंद प्रकाशात हातात धरून काढलेली छायाचित्रे वारंवार बिघडत असतील, तर कॅमेऱ्यांची तुलना कोठून सुरू करावी

त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव, देवळाचा सभामंडप, अजिंठ्याची लेणी, मध्यरात्र उलटली तरी न संपणारी गणपतीची मिरवणूक अशा ठिकाणी ट्रायपॉड लावायला जागा नसते किंवा परवानगी नसते. फ्लॅशला मनाई असते, आणि नसली तरी त्याने मूळ प्रकाशाची शोभा नाहीशी होते. म्हणून कॅमेरा हातातच धरावा लागतो. घरी येऊन छायाचित्रे मोठी करून पाहिली की दरवेळी तीच तक्रार समोर येते: ज्या कॅमेऱ्याने दिवसा सुरेख काम दिले, त्याच कॅमेऱ्याची रात्रीची बरीचशी छायाचित्रे हललेली, पुसट किंवा दाणेदार आलेली असतात. त्यानंतर लगेच नवा कॅमेरा कोणता घ्यावा, याची चौकशी सुरू होते.

या चौकशीला थेट एखाद्या मॉडेलचे नाव सांगून उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. मंद प्रकाशात छायाचित्र बिघडण्याची कारणे निरनिराळी आहेत आणि प्रत्येक कारणावर कॅमेऱ्याचा वेगळा भाग उपयोगी पडतो. हात हलल्याने बिघडलेल्या छायाचित्रावर मोठा सेन्सर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारा भाग) हा महागडा आणि अपुरा उपाय ठरतो. माणूस हलल्याने बिघडलेल्या छायाचित्रावर स्थिरीकरणाचा (हाताच्या कंपाची भरपाई करणाऱ्या सोयीचा) काहीही उपयोग होत नाही. त्यामुळे आपल्याकडे कोणता दोष वारंवार येतो हे आधी निश्चित करावे आणि मगच दोन कॅमेरे समोरासमोर ठेवावेत.

दोषाची ओळख

बिघडलेली जुनी छायाचित्रे संगणकावर शंभर टक्के आकारात उघडावीत आणि त्यांत एखादी पणती, विजेचा बारीक दिवा किंवा समईच्या पितळेवरची चकाकी शोधावी. प्रकाशाचा असा प्रत्येक ठिपका लांबून त्याची रेघ किंवा हुकासारखा वाक झाला असेल, आणि सगळ्या ठिपक्यांच्या रेघा एकाच आकाराच्या व एकाच दिशेच्या असतील, तर शटर उघडे असताना हात हललेला आहे. खांब, पायऱ्या आणि दूरचे दिवे स्वच्छ असून केवळ माणसे फरफटल्यासारखी दिसत असतील, तर विषय हललेला आहे. चेहरा मऊ पण त्याच्या मागची भिंत किंवा पुढची फरशी मात्र रेखीव असेल, तर फोकस चुकलेला आहे. कोठेच रेघ नाही, फोकसही जागेवर आहे, तरी केसांची, साडीच्या विणीची किंवा दगडाच्या पोताची बारकाई जलरंगासारखी पसरलेली असेल, तर तो कॅमेऱ्यातील नॉइज (दाणे) कमी करणाऱ्या प्रक्रियेचा परिणाम आहे. जेपीईजी (कॅमेऱ्यानेच प्रक्रिया करून साठवलेल्या) छायाचित्रांत तो उंच आयएसओवर, म्हणजे टिपलेला प्रकाश कॅमेऱ्याला फार उजळावा लागतो तेव्हा, हटकून दिसतो.

पाचवा प्रकार किरकोळ असला तरी त्याने पुष्कळांना फसवले आहे. दिव्यांच्या छायाचित्रांत चौकटीच्या मध्याच्या पलीकडे, बरोबर विरुद्ध बाजूला, त्याच दिव्यांची फिकट उलटी प्रतिमा उमटते. ती लेन्सवर कायम लावून ठेवलेल्या यूव्ही फिल्टरमुळे येते. रात्री फिल्टर काढून ठेवावा, इतकाच त्यावर उपाय.

यानंतर त्याच छायाचित्रांच्या माहितीत नोंदलेले शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ), ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे), आयएसओ आणि फोकल लेंथ (लेन्स दृश्य किती जवळ आणते याचे मिमीतील माप) हे चार आकडे पाहावेत. जुना नियम असा की हातात धरून छायाचित्र काढताना शटरचा वेळ फोकल लेंथच्या व्यस्तापेक्षा जास्त नसावा, आणि ही फोकल लेंथ फुल फ्रेमच्या (३६ गुणिले २४ मिमी सेन्सरच्या) मापात धरावी. म्हणजे १.५ पट क्रॉप असलेल्या, म्हणजे लहान सेन्सरमुळे फोकल लेंथ दीडपट धरावी लागणाऱ्या, एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स असेल तर १/८० सेकंद ही साधारण मर्यादा होते. चोवीस मेगापिक्सेलचे छायाचित्र शंभर टक्के आकारात पाहायचे असेल तर हा नियमही उदारच ठरतो. विषय हलत असेल तर फोकल लेंथचा संबंध मागे पडतो: उभे राहून बोलणाऱ्या माणसाला १/६० ते १/१२५, चालणाऱ्याला १/२५० आणि लेझीम किंवा ढोल खेळणाऱ्याला १/५०० सेकंद लागतो, असे धरून चालावे.

प्रकाशाचा हिशेब

घरातील दिवाणखान्यात किंवा साधारण उजेडाच्या सभामंडपात प्रकाश १०० आयएसओच्या मापाने ५ ईव्हीच्या (प्रकाशाच्या पातळीचे माप; एक ईव्ही वाढला की प्रकाश दुप्पट) आसपास असतो. एपीएस-सी कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते. १/६० सेकंद ठेवून या प्रकाशात योग्य छायाचित्र मिळवायचे, तर आयएसओ सुमारे ६४०० ठेवावा लागतो. त्याच जागी एफ/१.८ ची लेन्स लावली तर ६४० आयएसओ पुरतो. प्रकाश तोच, कॅमेरा तोच, वेळ तोच, आणि आयएसओमध्ये फरक दहापटीचा.

आता हाच फरक सेन्सरच्या आकारातून किती मिळतो ते पाहा. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ३६ गुणिले २४ म्हणजे ८६४ चौरस मिमी असते. एपीएस-सी सेन्सर साधारण ३७० चौरस मिमीचा (कॅननचा थोडा लहान), मायक्रो फोर थर्ड्स २२५ चौरस मिमीचा आणि एक इंची सेन्सर सुमारे ११६ चौरस मिमीचा असतो. एकाच ॲपर्चरला आणि एकाच शटरला मोठा सेन्सर त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात अधिक प्रकाश गोळा करतो. म्हणजे एपीएस-सीवरून फुल फ्रेमवर गेल्यास लाभ होतो तो सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट), आणि मायक्रो फोर थर्ड्सवरून गेल्यास जवळजवळ दोन स्टॉपचा. किट लेन्सऐवजी एफ/१.८ लेन्स लावल्याने मिळणारा लाभ सव्वातीन स्टॉपचा आहे, आणि त्यासाठी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलावी लागत नाही. जो किट लेन्सवरच काम करतो आहे त्याने आधी लेन्स घ्यावी, बॉडीचा विचार नंतर करावा, असे माझे स्पष्ट मत या हिशेबावरच उभे आहे.

लेन्स घेताना एक अडचण विशेषतः निकॉनच्या जुन्या प्राथमिक श्रेणीच्या डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) वापरणाऱ्यांना येते. डी३५०० किंवा डी५६०० यांसारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वस्त म्हणून घेतलेली ५० मिमी एफ/१.८डी लेन्स त्यांच्यावर आपोआप फोकस करत नाही आणि अंधारात हाताने फोकस करण्याची पाळी येते. या बॉडींसाठी एएफ-एस प्रकारचीच, म्हणजे स्वतःत मोटर असलेली लेन्स घ्यावी; डीएक्ससाठी (निकॉनच्या एपीएस-सी बॉडींसाठी) बनवलेली ३५ मिमी एफ/१.८जी घरातील आणि देवळातील कामाला अधिक सोयीची, कारण एपीएस-सीवर ५० मिमी लेन्स अरुंद जागेत फार जवळची वाटते. कॅननच्या डीएसएलआरवर ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्सला अशी अडचण येत नाही.

उघड्या ॲपर्चरची किंमत फोकसच्या खोलीत मोजावी लागते. एपीएस-सीवर ५० मिमी लेन्स एफ/१.८ ला ठेवून दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा असतो. एक चेहरा त्यात बसतो. आरतीचे ताट पुढे धरलेली व्यक्ती ताटासकट बसत नाही. अशा वेळी एफ/२.८ पर्यंत यावे लागते आणि सव्वा स्टॉप परत द्यावा लागतो.

काही खर्च न करता सुधारणाऱ्या गोष्टी

रात्रीच्या दृश्यात चौकटीचा मोठा भाग काळा असतो आणि कॅमेऱ्याचे मोजमाप त्या काळ्याला करडा करू पाहते. परिणामी ज्योती पांढऱ्या फटक होतात आणि शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे राहते. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे १ वर ठेवले तर ज्योतींचा रंग टिकतो आणि शटर स्पीड दुप्पट होतो. दीपोत्सवातील हललेल्या छायाचित्रांपैकी बरीचशी केवळ एवढ्याने वाचली असती.

याच्या उलट चूक आयएसओच्या भीतीने होते. दाणे येतील म्हणून आयएसओ ८०० वर अडकवून ठेवायचा, छायाचित्र काळे आले की संगणकावर उजळायचे, ही सवय घातक आहे. दाण्यांचे मूळ मुख्यतः सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाच्या कमतरतेत असते. मागाहून उजळल्याने ती कमतरता भरून निघत नाही, आणि पुष्कळ जुन्या सेन्सरांवर तर सावल्यांतील दाणे ३२०० आयएसओवर नीट घेतलेल्या छायाचित्रापेक्षा अधिक वाईट दिसतात. ऑटो आयएसओ चालू ठेवून त्यात किमान शटर स्पीड ठरवून देणे हा मला सर्वांत विश्वासार्ह मार्ग वाटतो. अनेक कॅमेऱ्यांत ही सोय असते. ज्यांत ती नाही, त्यांत मॅन्युअल मोडवर शटर आणि ॲपर्चर ठरवून आयएसओ ऑटोवर ठेवला की काम तेच होते, फक्त त्या मोडमध्ये कॉम्पेन्सेशन चालते की नाही ते पाहून घ्यावे.

हाताच्या कंपासाठी कोपर छातीशी टेकवावेत, कॅमेरा डोळ्याला लावून कपाळाचा आधार द्यावा, खांब किंवा दीपमाळेच्या चौथऱ्याला खांदा टेकवावा आणि एका वेळी तीन-चार छायाचित्रे सलग घ्यावीत. बटण दाबण्याचा धक्का पहिल्या छायाचित्रात असतो, त्यामुळे मधले बहुधा सर्वांत रेखीव निघते.

फोकस चुकत असेल तर जुन्या डीएसएलआरवर मधला बिंदूच वापरावा. डी३५०० च्या ११ बिंदूंपैकी केवळ मधला क्रॉस प्रकारचा (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा) आहे, आणि अंधारात कडेचे बिंदू सहज चाचपडतात. चेहऱ्यावर फोकस बसत नसेल तर तेवढ्याच अंतरावरील ज्योतीची कड, दागिना किंवा फेट्याची जर असा काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक असलेला भाग धरावा.

आडवे पट्टे

हा दोष मिररलेस कॅमेरे आल्यापासून फार वाढला आहे, म्हणून त्याला वेगळी जागा देतो. देवळात किंवा नाटकाच्या प्रयोगात आवाज होऊ नये म्हणून मूक इलेक्ट्रॉनिक शटर लावले जाते आणि छायाचित्रावर फिकट-गडद आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने तिच्यावर थेट चालणाऱ्या अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचते, त्यामुळे काही ओळी उजेडाच्या क्षणी आणि काही मंद क्षणी वाचल्या जातात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवले तर प्रत्येक ओळीला पूर्ण चक्र मिळते आणि पट्टे जातात. याहून वेगवान शटर हवे असेल तर यांत्रिक शटर वापरावे आणि कॅमेऱ्यातील फ्लिकररोधक सोय चालू करावी. रंगमंचावरील काही एलईडी दिवे निराळ्या, बऱ्याच उच्च वारंवारितेने लुकलुकतात. त्यांच्यासाठी शटरचा वेळ अगदी बारीक फरकाने बदलू देणारे कॅमेरे निघाले आहेत, आणि नाटकांची छायाचित्रे नियमित काढणाऱ्याने तुलनेत या सोयीला वरचे स्थान द्यावे.

आता कॅमेऱ्यांची तुलना

दोन उदाहरणे घेऊ. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहिले, तर फ्लॅशला मनाई आहे, ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, उजेड अगदी मंद असतो, पण विषय मात्र भिंतीवर स्थिर आहे. येथे सेन्सर हलवून केलेले स्थिरीकरण असलेला कॅमेरा निर्विवाद सरस ठरतो. १/६० ऐवजी १/८ सेकंद हाताने धरता आला तर तीन स्टॉप मिळतात, म्हणजे ६४०० ऐवजी ८०० आयएसओ. मायक्रो फोर थर्ड्स आणि फुल फ्रेम यांच्यातील अंतर दोन स्टॉपचे असल्याचे वर आले आहे. म्हणजे उत्तम स्थिरीकरण असलेला ओएम-५ सारखा लहान मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा या भिंतीसमोर स्थिरीकरण नसलेल्या फुल फ्रेमला मागे टाकू शकतो, आणि खांद्यावरचे ओझेही कमी करतो.

दुसरे उदाहरण गोव्यातील साखळीजवळच्या विठ्ठलापूरचे. त्रिपुरारी पौर्णिमेला तेथे वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडतात. काठावरच्या दिव्यांच्या रांगा स्थिर, नौका पाण्यावर हलत्या, आणि गर्दी तर सतत हलती. येथे १/८ सेकंद घेतला की घाट रेखीव येतो आणि नौका व माणसे विरघळतात. शटर वेगवान ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून स्थिरीकरणाचा लाभ बहुतांशी वाया जातो आणि लेन्सचे ॲपर्चर व सेन्सरचा आकार यांवरच सगळे अवलंबून राहते. एफ/१.८ लेन्ससह फुल फ्रेम येथे खरोखर आपली किंमत वसूल करतो. मात्र नौकेपासून घाटापर्यंत सगळे स्पष्ट हवे असेल तर फुल फ्रेमवर ॲपर्चर मिटवावे लागते आणि लाभ पुन्हा घटतो. मायक्रो फोर थर्ड्सवरील २५ मिमी एफ/१.७ आणि फुल फ्रेमवरील ५० मिमी एफ/३.४ यांची फोकसची खोली आणि गोळा होणारा एकूण प्रकाश सारखाच असतो.

बॉडींची नावे पाहायची तर कॅननचे आर५०, आर१० आणि आर८, निकॉनचे झेड३० आणि झेड५०, सोनीचे ए६४०० आणि झेडव्ही-ई१० यांच्या बॉडीत सेन्सरचे स्थिरीकरण नाही. निकॉन झेड५, कॅनन आर७ आणि आर६, सोनी ए६७००, फुजीफिल्मचे एक्स-एस१० आणि एक्स-एस२० यांत ते आहे. यात आर८ हा फुल फ्रेम आहे आणि एक्स-एस१० एपीएस-सी, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ सेन्सरच्या नावावर निवड करण्यातील धोका कळतो. दुकानात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, की बॉडीत स्थिरीकरण नसले तरी लेन्समध्ये असतेच. किट झूममध्ये ते बहुधा असते हे खरे. पण मंद प्रकाशासाठी म्हणून ती झूम काढून आपण आरएफ ५० मिमी एफ/१.८ सारखी लेन्स लावतो तेव्हा नेमके स्थिरीकरणही काढून ठेवतो, कारण तिच्यात ते नाही. आरएफ ३५ मिमी एफ/१.८ किंवा सोनीच्या एपीएस-सीसाठीची ३५ मिमी एफ/१.८ ओएसएस अशा लेन्समध्ये ते आहे, म्हणून बॉडी आणि लेन्स यांची जोडीच तुलनेला घ्यावी.

जाहिरातीतील आकडेही जोडीनेच वाचावेत. स्थिरीकरणाचे ५ किंवा ८ स्टॉप हे कॅमेऱ्याला यंत्राने ठरावीक कंपन देऊन आणि विशिष्ट लेन्ससह मोजलेले असतात. फोकसचेही तसेच: कॅनन आर६ उणे ६.५ ईव्हीपर्यंत फोकस करतो असे सांगितले जाते ते एफ/१.२ लेन्स धरून. एफ/५.६ लेन्समधून त्याच्या सुमारे बाविसाव्या हिश्श्याइतकाच प्रकाश आत येतो, म्हणजे तोच कॅमेरा जवळजवळ साडेचार स्टॉप आधी अडखळणार.

मोबाइलला या तुलनेतून वगळू नये. रात्रीचा मोड एकामागून एक अनेक छायाचित्रे घेऊन ती जुळवतो, त्यामुळे स्थिर दृश्यात त्याचे फळ थक्क करणारे असते. घाटावरच्या दिव्यांसाठी तो पुरेसा आहे. लेझमाच्या पथकासमोर मात्र हात-पाय आणि चेहरे लिंपून टाकतो.

घरी किंवा भाड्याने आणून करायची चाचणी

मुंबई-पुण्यात आणि इतर शहरांतही बॉडी व लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, तेव्हा मोठी खरेदी करण्यापूर्वी एक रात्र चाचणीला द्यावी. खोलीत झीरोचा दिवा लावून भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवावे. १/६०, १/३०, १/१५ आणि १/८ अशा प्रत्येक वेळेला दहा-दहा छायाचित्रे घ्यावीत आणि किती छायाचित्रांत बारीक अक्षरे वाचता येतात ते मोजावे. ज्या वेळेला दहांपैकी सातहून कमी वाचता येतील, त्याच्या आधीची वेळ ही त्या कॅमेऱ्यासह आपल्या हाताची मर्यादा. प्रत्येकाच्या हाताचा कंप वेगळा असल्याने ही मर्यादा दुसऱ्याच्या अनुभवावरून कळत नाही.

दाण्यांची तुलना करताना दोन्ही कॅमेऱ्यांवर शटर, ॲपर्चर आणि आयएसओ सारखेच ठेवावेत, छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावीत आणि शेवटी दोन्ही एकाच आकाराची करून पाहावीत. ४५ मेगापिक्सेलचे छायाचित्र शंभर टक्क्यांवर २४ मेगापिक्सेलच्या शेजारी ठेवले तर पहिले अधिक दाणेदार दिसणारच; छापील पानावर किंवा पडद्यावर सारख्या आकारात आणले की हा फरक बराचसा मिटतो. रॉ फाइलवर दाणे घालवणारी आजची सॉफ्टवेअरे, उदाहरणार्थ डीएक्सओचे डीपप्राइम किंवा अडोबीने २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आणलेले डिनॉइज, जुन्या एपीएस-सी कॅमेऱ्याच्या ६४०० आयएसओलाही बरेच सुधारतात, म्हणून तुलनेच्या फाइली त्यांतून एकदा काढून पाहाव्यात. आपल्या जुन्या कॅमेऱ्याच्या फाइलीही त्याच रात्री, त्याच खोलीत घेऊन या तुलनेत ठेवाव्यात. जुन्या बॉडीवर भाड्याची एफ/१.८ लेन्स लावून काढलेली छायाचित्रे नव्या बॉडीच्या किट लेन्सवरील छायाचित्रांशेजारी ठेवली की खर्च कोठे करायचा ते बहुतेक वेळा तेथेच ठरते.